बिल न पाहता घराची परीक्षा

ब्रिटनमधील एखाद्या रस्त्यावर शेजारीशेजारी दोन अगदी एकसारखी घरे आहेत असे समजू. एकात वृद्ध जोडपे राहते. ते दिवसभर घरी असल्याने हिवाळाभर हीटर चालू असतो. दुसऱ्यातील माणसे सकाळी कामावर जातात ती रात्रीच परततात. पहिल्या घराचे बिल साहजिकच मोठे येणार. मग पहिले घर वाईट आणि दुसरे चांगले म्हणायचे का?

तसे म्हणता येणार नाही, कारण बिलात घर आणि माणसे यांची सरमिसळ झालेली असते. ती वेगळी करण्याचे शिक्षण घेतलेली माणसे तेथे आहेत. त्यांना 'डोमेस्टिक एनर्जी असेसर', म्हणजे घराच्या ऊर्जावापराचे मूल्यमापक म्हणतात. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ सालापासून घर विकताना, आणि पुढे भाड्याने देतानाही, ऊर्जा-प्रमाणपत्र लागू लागले. त्यावर 'ए' ते 'जी' अशी श्रेणी असते.

या कामासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. उमेदवार काही दिवस वर्गात शिकतो, मग प्रत्यक्ष घरांची पाहणी करून अहवाल सादर करतो आणि पदविका मिळवतो. त्यानंतर त्याला एका मान्यताप्राप्त योजनेचे सदस्य व्हावे लागते. पुढेही त्याचे काही अहवाल तपासले जातात. म्हणून प्रत्येक नोंदीसाठी छायाचित्राचा पुरावा ठेवण्याची सवय त्याला लावलेली असते.

मुख्य शिक्षण असते ते पाहण्याचे. मूल्यमापकाला भिंत फोडून बघता येत नाही. मग आत काय आहे हे कसे ओळखायचे? बाहेरून विटांची रचना पाहायची. सगळ्या विटांची लांब बाजूच दिसत असेल, तर बहुधा दोन पातळ भिंती आणि मध्ये पोकळी असते. लांब बाजूंच्या जोडीला विटांची आखूड तोंडेही दिसत असतील, तर विटा आरपार बसवलेल्या, म्हणजे भिंत बहुधा भरीव असते. खिडकीपाशी जाडी मोजून खात्री करायची. मग माळ्यावर चढून उष्णतारोधक थराची जाडी मोजायची, खिडक्यांच्या काचा एकेरी की दुहेरी ते पाहायचे, बॉयलरचा नमुना टिपायचा.

या नोंदींचे आकड्यांत रूपांतर होते ते 'यू-मूल्या'मुळे. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंश सेल्सिअस फरक असताना, दर सेकंदाला जितके ज्यूल, म्हणजे जितके वॉट, निसटतात ते तिचे यू-मूल्य. भरीव विटांच्या नऊ इंची भिंतीसाठी १.७ हा आकडा घेऊ. भिंत २० चौरस मीटर, आत २० अंश आणि बाहेर ५ अंश असेल, तर

१.७ × २० × १५ = ५१० वॉट

उष्णता या एका भिंतीतून जाते. पोकळी असलेल्या भिंतीत रोधक भरून यू-मूल्य ०.७ झाले, तर हाच आकडा २१० वॉटवर येतो.

आता माणसांचे काय? गणितात खरे कुटुंब घेतच नाहीत. घरात किती माणसे आहेत हे क्षेत्रफळावरून ठरवतात, आणि बैठकीची खोली २१ अंशांपर्यंत तापवली जाते असे धरतात. प्रत्येक घरात जणू तेच काल्पनिक कुटुंब राहते! म्हणून बिल वेगळे असूनही आपल्या दोन्ही घरांना एकच श्रेणी मिळेल. विकत घेणाऱ्याला हवे असते तेही हेच. त्याला घर घ्यायचे असते, आधीच्या मालकाच्या सवयी नव्हेत.

मात्र गृहीत धरलेला आकडाच चुकीचा असला तर? भरीव भिंतीचे यू-मूल्य पूर्वी २.१ धरत असत. प्रत्यक्ष भिंतींवर उपकरणे लावून मोजल्यावर उष्णता त्याहून कमी जाते असे आढळले, आणि २०१७ साली आकडा १.७ करण्यात आला. आपल्या उदाहरणात ६३० वॉटचे ५१० झाले. भिंत तीच राहिली, पण हिशेब बदलला. हा फरक किरकोळ नाही. २०१८ पासून तेथे काही अपवाद सोडता 'एफ' वा 'जी' श्रेणीचे घर नव्याने भाड्याने देता येत नाही. नमुना-गणित सोयीचे असते, पण मोजमापाने ते पुनःपुन्हा तपासावे लागते, हा धडा सर्वच विज्ञानाला लागू आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात उष्णता उलट दिशेने, बाहेरून आत येते. सूत्र मात्र तेच. भारतात २०१८ साली जाहीर झालेली 'इको निवास संहिता' भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर याच विचाराने मर्यादा घालते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांना आपापल्या घरचे वीजबिल वाढवणाऱ्या गोष्टींच्या दोन याद्या करायला सांगा: कोणत्या घरामुळे आणि कोणत्या माणसांमुळे? पत्र्याचे छप्पर पहिल्या यादीत जाईल, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा दुसऱ्या. काही गोष्टींवरून वाद होईल. तो होऊ द्या. मूल्यमापकाच्या शिक्षणाची सुरुवात तेथूनच होते.