टेन्शनची गोळी सोडायची आहे? मग सावकाश

मंडणगड तालुक्यातल्या पुष्कळ घरांचं एक पाऊल मुंबईत असतं. डॉक्टर तिकडचा, चिठ्ठी तिकडची आणि गोळ्याही चाकरमान्याच्या बॅगेतून येतात. अशा घरांत ‘टेन्शनची गोळी’ कधी कधी कुणी न ठरवताच बंद होते. पट्टी संपते आणि पुढची यायला दोन आठवडे लागतात. या गोळ्यांच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचं हेच आहे.

आपण बोलतोय ते अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या औषधांबद्दल. या गटाला बेन्झोडायझेपाइन म्हणतात आणि यातलं पहिलं औषध 1960 मध्ये बाजारात आलं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते चेतापेशींची धावपळ आवरतं. गोळी त्याचा जोर वाढवते. काही आठवडे रोज गोळी घेतली की मेंदू ही मदत गृहीत धरतो आणि स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. गोळी एकदम थांबली तर उतारावर ब्रेक नसलेल्या गाडीसारखी गत होते. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे आणि व्यसनाचा डागही नव्हे. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घेणाऱ्यालाही हे होतं.

पहिली पायरी म्हणजे पट्टीवरची बारीक अक्षरं वाचणं. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. अशी गोळी अर्धी केली की दोन्ही औषधं अर्धी होतात, आणि एस्सिटालोप्राम कमी होण्याचा स्वतःचा वेगळा त्रास असतो. नावापुढे ‘एसआर’ असेल तर ती सावकाश विरघळणारी गोळी. ती तोडायचीच नाही.

मग डॉक्टरांकडे जा. मुंबईला जाणं जमत नसेल तर आपल्या ग्रामीण रुग्णालयात विचारा, तिथून पुढे कुठे जायचं ते कळेल. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. त्याआधी 14416 वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

कमी करायचं ते किती? हे डॉक्टर ठरवतील. साधारण रीत अशी की सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी डोस पाच ते दहा टक्क्यांनी उतरवतात. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्याला यात कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो, आणि तो लागू द्यावा. अल्प्राझोलामचा असर लवकर ओसरतो, म्हणून दोन डोसांच्या मधेच जीव घाबरा होतो. अशा वेळी डॉक्टर कधी कधी जास्त वेळ टिकणारी डायझेपाम बदलून देतात.

इथे एक हिशेब चुकतो. 1 मिलिग्रॅमवरून 0.75 वर आलो म्हणजे पाव भाग गेला. पण 0.5 वरून 0.25 वर आलो म्हणजे अर्धं औषध गेलं. काढलेला तुकडा तेवढाच, धक्का दुप्पट. ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणून शेवटी घाई होते आणि गाडं तिथेच अडतं. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान हव्यात.

आपल्या पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. महिन्याभराच्या गोळ्या आधीच तोडून ठेवू नका, हवेतल्या ओलीने तुकड्यांचा भुगा होतो. त्या दिवसापुरतीच तोडा. घाटात दरड कोसळली तरी अडायला नको म्हणून पुढची चिठ्ठी आठवडाभर आधीच घ्या. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांची नोंद 2014 पासून मेडिकलवाल्याला वेगळ्या वहीत ठेवावी लागते, त्यामुळे ओळखीवर विसंबून राहू नये.

डोस उतरला की झोप उडेल, हात थरथरतील, घाम येईल, छाती धडधडेल, भांड्यांचा आवाजही सहन होणार नाही. घरचे म्हणतील, आजार उलटला. नेहमी तसं नसतं. तारीख, डोस आणि त्रास वहीत लिहा. डोस कमी केल्यावर थोड्याच दिवसांत उठून पुढे हळूहळू निवळणारा त्रास बहुधा गोळी सुटण्याचाच असतो. फार झाला तर डॉक्टरांना विचारून त्याच डोसवर थांबा. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. मनानेच गोळी वाढवणं आणि मनानेच बंद करणं, दोन्ही टाळा.

त्या दिवसांत दुपारनंतरचा चहा सोडा, ठरल्या वेळी उठा, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर चालून या. छाती धडधडली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. झोपेसाठी दारूचा घोट मात्र अजिबात नको. गोळी आणि दारू मिळून श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो.

फिट आली, माणूस बरळू लागला, नसलेलं दिसू लागलं किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर वाट न बघता 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. गोळ्या कधीपासून आणि किती घेत होता, कधी कमी केल्या, ते तिथे पहिल्यांदा सांगा आणि पट्टी सोबत न्या.

शेवटची गोळी सुटल्यावरही काही आठवडे वाईट दिवस अधूनमधून येतात, काहींना महिनेही लागतात. तेव्हा जुन्या पट्टीकडे हात जाऊ नये म्हणून उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, आणि झोप येत नाही म्हणणाऱ्या शेजाऱ्यालाही देऊ नका.