चिन्ह सारखे, अर्थ वेगळे

लेखनात विरामचिन्हांना शब्दांइतकेच महत्त्व असते. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देताना दुहेरी अवतरणचिन्ह वापरतात. उदा., सुतार म्हणाला, “फळी उद्या मिळेल.” एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असल्यास एकेरी अवतरणचिन्ह येते. सालातील शतकाचे अंक गाळल्यास त्यांच्या जागीही तशीच खूण करतात. जसे, १९४२ ऐवजी ’४२.

मोजमापात मात्र जवळजवळ अशाच खुणांचा अर्थ बदलतो. अंकानंतरची एक तिरपी रेघ फूट दाखवते, तर दोन रेघा इंच दाखवतात. ५′ ६″ म्हणजे पाच फूट सहा इंच. एका फुटाचे १२ इंच होतात. त्यामुळे ६″ च्या जागी चुकून ६′ लिहिले गेले, तर माप बारापट होते आणि लाकूड व पैसा दोन्ही वाया जातात. कोनमापनात याच खुणा मिनिटे व सेकंद दर्शवतात. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते, ते ८२° ३०′ पूर्व, म्हणजेच ८२ अंश ३० मिनिटे पूर्व होय.

छपाईत अवतरणचिन्हे वक्र असून जोडीने येतात. मापाची खूण तिरपी असून अंकानंतरच येते. अवतरणाच्या शेवटी माप आल्यास दोन्ही चिन्हे शेजारी येऊन वाचकाचा गोंधळ होतो. म्हणून आराखड्यात व तक्त्यात चिन्हे वापरावीत; सलग लेखनात मात्र ‘फूट’, ‘इंच’ हे शब्दच लिहावेत.