मुलांचे पाऊल मोकळे वाढू द्या

मूल पहिली पावले टाकू लागले की हौसेने बूट आणले जातात. घोट्यापर्यंत घट्ट, जाड तळाचे, चालताना चूं चूं वाजणारे. त्यांच्या आधाराने मूल लवकर आणि सरळ चालेल, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. जन्माच्या वेळी पावलाचा बराचसा सांगाडा मऊ कूर्चेचा असतो आणि पुढे अनेक वर्षे त्याची हाडे होत राहतात. तोल सावरताना बोटे जमीन धरतात, त्यातून पावलाचे स्नायू बळकट होतात. जाड, ताठ तळ नेमकी हीच कसरत रोखतो.

याचा मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 मध्ये निष्कर्ष मांडले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण 8.6 टक्के होते, तर न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. अशा एकदाच केलेल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप योग्यच आहे. अनवाणी मुलांचे राहणीमानही वेगळे असू शकते. पण पादत्राणे वापरणाऱ्यांतही बंद बुटांत प्रमाण सर्वाधिक आणि सँडल-चपलांत कमी आढळले. हा चढता क्रम मला दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही.

मग सपाट पावलांसाठी खास बूट घ्यावेत का? लहान मुलांचा तळवा सपाट दिसणे स्वाभाविक आहे; तिथे चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. बहुतेकांची कमान वयाबरोबर आपोआप दिसू लागते. अमेरिकेत 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा मुलांना तीन वर्षे सुधारक बूट आणि बुटात घालायचे आधार देऊन पाहिले. साध्या बुटांतल्या मुलांची पावलेही तितकीच सुधारली. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान उमटत असेल आणि दुखत नसेल, तर महागड्या बुटांवर खर्च करू नये. मात्र पाऊल ताठ असेल, मूल लंगडत असेल किंवा फक्त एकच पाऊल वेगळे दिसत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जन्मतः आत वळलेल्या पावलावर तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लॅस्टरचे उपचार सुरू झालेले बरे.

अनवाणी फिरण्यात धोके आहेतच. काचा, काटे, तापलेला डांबरी रस्ता. शिवाय अस्वच्छ ओल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणून बाहेर पादत्राण हवेच, घरात आणि स्वच्छ अंगणात नको. शाळेचे बूट सहा-सात तास पायात असतात, त्यामुळे त्यांचे माप सर्वांत महत्त्वाचे. ‘दोन वर्षे पुरतील’ म्हणून घेतलेल्या फार मोठ्या बुटांत पाय सरकतो, टाचेला फोड येतात. लहान झालेले बूट त्याहून वाईट. बोटे दुमडतात, अंगठ्याचे नख मांसात रुतते. मूल तक्रार करेल म्हणून थांबू नये, कारण मऊ पाऊल दाब निमूट सोसते. संध्याकाळी मुलाला उभे करून दोन्ही पावले मोजावीत, मोठ्या पावलाचे माप धरावे आणि सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा ठेवावी. पावसाळ्यात ओले मोजे शाळेतून येताच काढून बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, नाहीतर चिखल्या होतात. तीन वर्षांखालच्या मुलांचे माप दर दोन-तीन महिन्यांनी बदलू शकते; आज रात्रीच मुलाचे बूट तपासून पाहा.