शाई आहे, छपाई नाही : रिफिल केलेल्या कार्ट्रिजची तपासणी (लेखांक ७)

इंकजेट कार्ट्रिजच्या तळाला शेकडो उघडी छिद्रे असतात आणि त्यांच्या वर शाई भरलेली असते. तरीही ती टपकत नाही. कार्ट्रिजमधला स्पंज केशाकर्षणाने शाई वर ओढून धरतो, त्यामुळे छिद्रांपाशी, म्हणजे नोझलपाशी, शाईचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो. ही ओढ कमी पडली की शाई गळते, जास्त झाली की ती नोझलपर्यंत पोहोचतच नाही. रिफिल करताना बहुतेक वेळा हाच तोल बिघडतो. म्हणून शाई भरूनही छपाई होत नसेल, तर आणखी शाई ओतण्याआधी तोल कुठे गेला ते शोधावे.

नोझलमध्ये काय घडते

कॅनन कंपनीत १९७७ साली इचिरो एंडो यांच्या हातून तापलेली सोल्डरिंगची कावी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. घरगुती प्रिंटरमधले औष्णिक तंत्र याच तत्त्वावर चालते. प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि काही पिकोलिटरचा थेंब कागदावर फेकला जातो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. बुडबुडा विरला की रिकाम्या जागेत स्पंजातली शाई येते आणि तेवढीच हवा वरून कार्ट्रिजमध्ये शिरते.

एचपीने १९८४ साली थिंकजेट प्रिंटरमध्ये नोझलचे हेड कार्ट्रिजलाच जोडले. शाई संपली की हेडसकट कार्ट्रिज टाकून द्यावे, ही त्यामागची योजना. एचपीच्या ६७८, ६८०, ८०२, ८०३ किंवा कॅननच्या पीजी-७४५ आणि सीएल-७४६ या कार्ट्रिजची रचना अशीच आहे. रिफिल करणारा माणूस एकाच भरणीसाठी आखलेले हेड पुन्हा वापरत असतो. ते काही भरण्या निभावते, पण त्याला जपावे लागते.

पान काय सांगते

प्रथम प्रिंटरच्या मेंटेनन्स मेनूतून नोझल चेकचे पान काढावे. हेड क्लीनिंग त्यानंतर. त्यात बरीच शाई खर्च होते. बारीक पांढऱ्या रेघा दर वेळी त्याच जागी येत असतील, तर तेवढी नोझल बहुधा वाळली आहेत. पान वर ठळक आणि खाली फिकट होत जात असेल, आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा ठळक येत असेल, तर शाईचा पुरवठा कमी पडतो आहे. एखादा रंग मुळीच येत नसेल, तर त्या कप्प्यात हवा अडकली आहे किंवा विजेचा दोष आहे. पिवळा हिरवट दिसत असेल, तर रंग मिसळले आहेत.

दुसरी कसोटी टिश्यू पेपरची. टिश्यूची घडी किंचित ओली करून त्यावर कार्ट्रिजचे नोझल काही सेकंद हलके टेकवावे. काळ्या कार्ट्रिजचा एक सलग पट्टा उमटतो, रंगीतचे तीन. पट्टा पूर्ण उमटतो पण छपाईत तो रंग नाही, याचा अर्थ शाई पोहोचते आहे आणि दोष विजेचा आहे. पट्टाच तुटक असेल, तर दोष प्रवाहाचा.

‘शाई संपली’ या सूचनेवर मात्र निदान करू नये. अशा कार्ट्रिजच्या बाबतीत प्रिंटर उडालेल्या थेंबांवरून शाईचा अंदाज बांधतो. नव्याने भरलेली शाई त्याला कळत नाही. रिफिलच्या आधी आणि नंतर कार्ट्रिजचे वजन करून ठेवले, तर किती शाई उरली ते त्यावरून समजते.

हवेची वाट

कार्ट्रिजच्या झाकणावर, लेबलखाली, बारीक नागमोडी खोबणी असतात. त्यांतून हवा आत येते, पण शाई लवकर सुकत नाही. रिफिल करताना लेबल निघते आणि शाई भरण्याच्या भोकांवर सेलोटेप घट्ट चिकटवला जातो. मग हवेची वाट बंद होते. सरबतातल्या स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट ठेवले की सरबत खाली पडत नाही, तसेच येथे होते. पान खाली फिकट होत जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

खात्री करायला टेप उचलून एक पान छापावे. छपाई सुधारली तर टेप बदलून, भोकाच्या वर सुईने बारीक छिद्र पाडून लावावा. भोक सताड उघडे ठेवू नये, शाई सुकते. खोबणीत शाई वाळली असेल तर ओल्या कापसाच्या काडीने ती पुसून काढावी.

अडकलेली हवा

स्पंजाखाली बारीक जाळी आणि तिच्याखाली अरुंद मार्ग असतो. कार्ट्रिज पूर्ण कोरडे पडल्यावर रिफिल केले, किंवा सिरिंज जोरात दाबली, तर तेथे हवेचा बुडबुडा बसतो. कार्ट्रिज जड लागते, पण टिश्यू कोरडा राहतो. अशा वेळी नोझल खाली ठेवून कार्ट्रिज एक-दोन तास तसेच राहू द्यावे. तेवढ्याने भागले नाही तर रबरी क्लिप नोझलवर बसवून सिरिंजने हळूहळू शाई ओढावी. आधी फेस येतो. सलग शाई येऊ लागली की थांबावे.

हे टाळायचे तर छपाई फिकट होताच रिफिल करावे, सुई स्पंजात खोल न्यावी आणि शाई सावकाश सोडावी. रंगीत कार्ट्रिजच्या एका कप्प्यात काही मिलिलिटरच शाई मावते. ती भोकापाशी दिसू लागली की थोडी परत ओढून घ्यावी. जास्त भरल्यास स्पंजाची ओढ संपते, शाई गळते आणि शेजारचे रंग मिसळतात. कोणत्या भोकाखाली कोणता रंग आहे, हे प्रत्येक वेळी स्वच्छ टूथपिक आत घालून पाहावे. सर्व कार्ट्रिजमध्ये क्रम सारखा नसतो.

वाळलेली नोझल

विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात नोझल लवकर वाळतात. कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला टिश्यू दोन-तीन मिनिटे नोझलवर धरावा. तरी न सुटल्यास उथळ ताटलीत दोन-तीन मिलिमीटर कोमट पाणी घेऊन फक्त नोझलचा भाग बुडवावा. विजेचे संपर्कबिंदू कोरडे ठेवावेत. उकळते पाणी, टाचणी, घासणे हे सर्व वर्ज्य. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद केला तर हेड झाकणीवर जाऊन बसते. भिंतीवरचा स्विच मध्येच बंद केला तर ते उघडे राहून सुकते. आठवड्यातून एक रंगीत पान छापल्यास नोझल वाहती राहतात.

शाईचा प्रकार आणि विजेचा दोष

पीजी मालिकेतल्या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट शाई असते, सीएलमध्ये डाय शाई. पिगमेंटचे कण द्रवात तरंगत असतात. वेगळ्या प्रकारची शाई मिसळली तर ते एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि जाळी तुंबते. म्हणून ‘सर्व प्रिंटरसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीपेक्षा त्या मॉडेलची शाई घ्यावी.

विजेचा दोष वाटल्यास संपर्कबिंदू मऊ कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. हीटरला थंड ठेवण्याचे कामही शाईच करते. छपाई फिकट झाल्यावरही पाने काढत राहिल्यास हीटर कोरडे तापून जळतात आणि ते पुन्हा सुरू होत नाहीत. टिश्यूवर पूर्ण पट्टा उमटतो, संपर्कबिंदू स्वच्छ आहेत, तरी पानावरची रेघ तेथेच राहते, तर हीटर जळाला असे समजावे आणि नवे कार्ट्रिज घ्यावे.

एप्सनच्या प्रिंटरमध्ये हीटरऐवजी दाबाने थेंब फेकणारे पायझो हेड असते आणि ते प्रिंटरमध्येच कायम बसवलेले असते. तेथे कार्ट्रिज बदलून तुंबलेले हेड सुटत नाही आणि नवे हेड महाग पडते. त्यामुळे योग्य शाई आणि नियमित वापर या दोन गोष्टी तेथे अधिकच कटाक्षाने पाळाव्या लागतात.