प्रार्थनाही आणि औषधही



या अंकात कर्करोगाविषयी लिहिण्याचे कारण माझीच एक चूक आहे. नवापूर तालुक्यातील पाड्यांवर मी नुकतीच काम करू लागले होते. तेव्हा एक मावशी आमच्या घरगुती प्रार्थनेला नियमित येत असत. त्यांना मशेरीची जुनी सवय होती. एकदा त्या म्हणाल्या, “ताई, गालात आतून चट्टा पडलाय, तिखट फार झोंबतं.” मी म्हणाले, “आपण प्रार्थना करू. उतार पडला नाही, तर मग दवाखान्यात जाऊ.”

तीन महिने आम्ही उपास-प्रार्थना केली. घरच्यांनी भगताकडचा पालाही लावला. मानेत गाठ आली तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, “फार उशीर झाला.” पुढच्या पावसाळ्यात मावशी प्रभूकडे गेल्या. त्यांच्या घरच्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण आजार “मग” ऐकत नाही, हे मी तेव्हा शिकले.

प्रार्थना करण्यात माझी चूक नव्हती. औषध म्हणजे अविश्वास, असे मी मनात धरले होते, ती माझी चूक होती. पवित्र शास्त्र असे शिकवत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला असताना त्याने रडून प्रार्थना केली, आणि देवाने त्याचे आयुष्य 15 वर्षांनी वाढवले. तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. याकोबाचे पत्र आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवायला सांगते, वैद्याला नाकारायला सांगत नाही.

काही वर्षांनी दुसऱ्या पाड्यावरील एका दादांच्या तोंडात तसाच चट्टा दिसला. पाळकांनी रविवारी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सोमवारी आम्ही त्यांना तपासणीला नेले. निदान लवकर झाल्यामुळे शस्त्रक्रिया व त्यानंतर किरणोपचार करता आले. हे उपचार साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. या काळात पूरक काळजीचा खरा उपयोग कळतो. ती रोग बरा करत नाही, पण उपचार सोसण्याचे बळ देते.

डॉक्टरांना विचारून आम्ही साध्या गोष्टी केल्या. कोमट पाण्यात थोडे मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा. तिखट बंद, नागलीची पातळ पेज, मुगाच्या डाळीचे पाणी, दूध, मऊ अंडे. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम. जमेल तेवढे चालणे. किरण दिलेल्या जागी तेल, हळद, पाला काहीही नाही, आणि तिथे काढलेल्या खुणाही पुसायच्या नाहीत. रात्री भीती वाटे, तेव्हा त्यांची पत्नी मावचीतून प्रार्थना करी. दादा म्हणत, “त्यावरच झोप लागते.”

झाडपाल्याला मी तुच्छ मानत नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतील द्रव्यांपासूनच कर्करोगाची काही औषधे बनतात. पण ती शुद्ध करून, रक्त तपासून, अगदी मोजून दिली जातात. सदाफुलीची पाने मात्र विषारी आहेत, ती चावून खाऊ नयेत. केमोथेरपी चालू असताना घेतलेला काढा किंवा भस्म यकृतावर ताण आणू शकते, औषधाचा परिणामही बदलू शकते. म्हणून जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा, लाजू नका. केमोथेरपीच्या काळात ताप 100.4 अंश फॅरेनहाइटपर्यंत चढला, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा. आणि “औषध सोड, तरच देव बरे करील” असे कोणी सांगितले, तर त्याचे ऐकू नका.

दादा आज शेतात जातात. पण सर्वांनाच असे बरे होता येत नाही. तेव्हा वेदना कमी करणारी औषधे देणे, जखम स्वच्छ ठेवणे, जवळ बसणे हीसुद्धा सेवाच आहे. वेदनेत मरण आले म्हणजे विश्वास कमी पडला, असे कृपा करून कोणाच्या घरी बोलू नका.

मंडळी म्हणून आपण बरेच काही करू शकतो. तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले, स्तनात गाठ लागली, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेले, तर त्याच आठवड्यात तपासणी करा. 30 वर्षांवरील व्यक्तींसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीचा कार्यक्रम आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवा. रुग्णाला व सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. उपचार मोफत झाले तरी सोबत्याचे जेवण, बुडालेली मजुरी, घरी राहिलेली लेकरे व गुरे यांचा भार कुटुंबावरच पडतो. तिथे आपले दान आणि आपले हात लागतात. दादा मुंबईत असताना मंडळीतील तरुणांनी त्यांचे भात कापून दिले. त्यामुळेच ते उपचार अर्धवट टाकून परतले नाहीत.

आपल्या प्रार्थनेत उपचार घेणाऱ्या रुग्णांना, त्यांच्या सोबत्यांना, डॉक्टरांना व परिचारिकांना आठवा. आमच्यासाठीही प्रार्थना करा, की आम्ही गुडघे टेकण्यात आणि दवाखान्याची वाट धरण्यातही उशीर करू नये.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण