नाकाचा नळ आणि जंतूचे विष

करी रोड स्टेशनातून बाहेर पडून लालबागकडे थोडे चालत गेले की मसाल्याची बाजारपेठ लागते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून घेण्यासाठी तेथे गर्दी होते. डंकावर मिरची कुटली जाऊ लागली की जवळ उभे असलेल्यांची नाके वाहू लागतात. असे का होते?

मिरचीतील कॅप्सायसिन नाकातील संवेदी चेतातंतूंना डिवचते. हा संदेश मेंदूकडे जातो आणि परानुकंपी चेतातंतूंवाटे आज्ञा परत येते. या तंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडते. ते नाकातील ग्रंथींवर पोचले की त्या पाण्यासारखा स्राव सोडतात. नाकात शिरलेली तिखट पूड धुऊन काढणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे.

काही जणांत मात्र हा नळ बंदच होत नाही. गार वारा, उदबत्तीचा वास किंवा गरम आमटीचा घोट एवढेही कारण पुरते. तपासणीत अ‍ॅलर्जी सापडत नाही. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात रुमाल घेऊन शिकवणाऱ्याला यातला त्रास वेगळा सांगायला नको.

अशा रुग्णांना इप्राट्रोपियमचा फवारा देतात. तो ग्रंथींवरील अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवतो. एवढ्याने भागले नाही, तर ते रसायन मुळातच बाहेर पडू न देणे हा दुसरा मार्ग. नेमके हेच काम बोट्युलिनम विष करते. धनुर्वाताच्या जंतूच्या भाऊबंदापासून ते तयार होते. चेतातंतूच्या टोकात शिरून ते तेथील एक प्रथिन कापते. त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीनच्या पिशव्या रित्या होऊ शकत नाहीत.

खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास करणाऱ्या युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने १८२२ सालीच या विषाचा औषध म्हणून उपयोग सुचवला होता. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणासाठी, तर २००४ मध्ये काखेतील अतिघामासाठी त्याला मान्यता मिळाली. घाम थांबतो, तर नाक का नाही, हा प्रश्न ओघानेच आला.

नाकपुडीच्या आत वळकटीसारखे उंचवटे असतात. त्यांच्या अस्तरात हे विष नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या, हिशोबात टोचतात. परिणाम काही आठवड्यांपासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत टिकतो. पुढे चेतातंतू पूर्ववत होतात आणि पुन्हा टोचावे लागते. नाक कोरडे पडणे, थोडे रक्त येणे असा त्रास होऊ शकतो. चाचण्या झाल्या आहेत, पण त्या लहान गटांवर. म्हणून हा पहिला उपाय नव्हे. कान-नाक-घसा तज्ज्ञानेच करावयाचा आहे.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. एकाच नाकपुडीतून, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर किंवा वाकल्यावर, स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर ते मेंदूभोवतीचे द्रव असू शकते. तेव्हा सर्दी समजून न थांबता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

वर्गासाठी एक प्रश्न: फवारा आणि विष दोन्ही एकच निरोप अडवतात, मग एकाचा परिणाम काही तास आणि दुसऱ्याचा काही आठवडे का टिकतो?