नाव लांब, तो गुन्हा कोणाचा?

नव्वदच्या दशकात मी तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. शाखेत संगणक नुकताच आला होता. दर महिन्याला एका कार्यालयातून निवृत्तिवेतनाची यादी फ्लॉपीवर यायची. ठरले असे होते, की ओळीतली पहिली तीस घरे नावाची, त्यापुढची खाते क्रमांकाची, मग रक्कम.

एका आजींचे नाव पतीच्या नावासह आणि आडनावासह चौतीस अक्षरांचे भरे. जास्तीची चार अक्षरे पुढे सरकत आणि खाते क्रमांकाच्या घरात जाऊन बसत. आमचा संगणक गोंधळे, खाते सापडत नसे आणि आजींचे पैसे ‘सस्पेन्स’ खात्यात पडून राहत. दोन महिने त्या हेलपाटे घालत होत्या. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या, “साहेब, वाण्याची उधारी थकलीय. माझं नाव लांब आहे, हा काय माझा गुन्हा?”

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री यादी हाताने ताडून पाहिली, तेव्हा कुठे चूक सापडली.

आपल्या स्वयंपाकघरात डबे असतात. ‘डावीकडून तिसरा डबा साखरेचा’ असे सुनेला सांगून ठेवले आणि मध्ये कोणी एक डबा जास्त ठेवला, तर चहात मीठ पडणारच! त्यापेक्षा प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावावी. मग डबा कुठेही असो.

माहितीला अशी चिठ्ठी लावण्याची कल्पना जुनी आहे. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘जीएमएल’ ही खुणांची भाषा तयार केली. १९८६ मध्ये तिचे वाढलेले रूप, ‘एसजीएमएल’, आंतरराष्ट्रीय मानक झाले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तिची सुटसुटीत नात आली, ‘एक्सएमएल’. तिच्यात ‘इथून नाव सुरू’, ‘इथे नाव संपले’ अशा खुणा असतात. नाव चार अक्षरांचे असो वा चाळीस, शेजारच्या घरात घुसत नाही. डब्यात डबी ठेवावी तसा पत्त्यात गाव, गावात पिनकोड.

पण नुसत्या चिठ्ठीने भागत नाही. एकाने ‘दिनांक’ लिहिले आणि तो व्यवहाराचा की जन्माचा, हे दुसऱ्याला कळले नाही, तर पुन्हा घोळ. त्यासाठी दोघांचा शब्दकोश एक हवा. बँकांसाठी तो ‘आयएसओ २००२२’ या मानकाने दिला. त्याची पहिली आवृत्ती २००४ ची. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू केलेली नवी आरटीजीएस यंत्रणा याच मानकावर उभी आहे.

आज नातू मोबाइलवरून पैसे पाठवतो, ते क्षणात पोचतात. त्यामागे संगणकांनी एकमेकांची भाषा समजून घेण्याचा हा खटाटोप आहे. मात्र चिठ्ठीवर काय लिहायचे, हे अजून माणूसच ठरवतो. त्याने लिहिताना आजींचे लांबलचक नाव डोळ्यांपुढे ठेवावे, एवढेच मागणे.

आजींना पैसे मिळाले, तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. ती मी घेतली खरी. पण त्या खड्याची चव मला काही गोड लागली नाही.